कोटाची नाडी आणि जमिनीची धूप

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द नुसता रीत म्हणून लिहिलेला नाही. काल पलंगाखालची ट्रंक ओढताना मी खरोखरच आठही अंगांनी जमिनीवर आलो. तो नमस्कार तुझ्या नावावर जमा करून घ्यावा.) इकडे आम्ही दोघंही मजेत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं तेल तू गुडघ्यांनाच लावतेस ना, की ते अजूनही वखारीच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना जातं? तुझ्या पत्रात फाटक आता कुरकुरत नाही असं वाचलं, तेव्हा मला शंका आली.

तुझं पत्र पोचलं. भाऊजी गेल्यापासून तू एकटी लाकडाची वखार सांभाळतेस, मजुरांशी भांडतेस, फळ्या मोजून घेतेस, आणि वर पुन्हा माझी काळजी करतेस. वखार विकत घ्यायला एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला तू माझा भाऊ येतोय, तो चालवेल, असं सांगून वाटेला लावलंस. माडीवरची खोली आमच्यासाठी रंगवून घेतलीस. मला वजनकाट्याजवळची खुर्ची देऊ केलीस, आणि कर्ज फिटलं म्हणजे पोट भरलं असं नाही, तेव्हा ताठा सोडून निघून ये, काय ते महिनाअखेर कळव, अशी तंबीही दिलीस. उत्तर देतो आहे. पण तू मला लहानपणापासून पाल्हाळ म्हणतेस ते उगाच नाही, त्यामुळे उत्तर शेवटी येईल. आधी शेवटचं पान वाचू नकोस. (वाचलंस ना? मग आता परत इथपर्यंत ये आणि नीट बस.)

आम्ही कसे राहतो याची तुला फार काळजी आहे, म्हणून सांगतो. चारचौघांची काटकसर म्हणजे चहात साखर कमी. आमची काटकसर जरा शाही आहे. बाबांचं नाटकांना पोशाख भाड्याने द्यायचं दुकान विकून पतपेढीचं कर्ज फेडलं, तेव्हा पतपेढीच्या माणसांनी कपाटं नेली, मोठा आरसा नेला, शिवणयंत्रही नेलं, पण पोशाखांना हात लावला नाही. भुताच्या झग्याची किंमत काय धरायची हे त्यांच्या नियमांत कुठे बसेना. मग तो सगळा संसार आमच्या दोन खोल्यांत आला. भुताचा झगा खिडकीला पडदा म्हणून लावला आहे. डोळ्यांच्या जागी दोन भोकं आहेत, त्यांतून सकाळचं ऊन नेमकं माझ्या तोंडावर येतं आणि गजर लावावा लागत नाही. (समोरच्या घरातल्या आजींनी सुरुवातीला तक्रार केली, की तुमची खिडकी माझ्याकडे टक लावून बघते. आता त्या रोज सकाळी खिडकीला हात करतात.) सैनिकांच्या डगल्यांची तुझ्या भावजयीने पांघरुणं केली. थंडीत मी घरात सेनापतीचा कोट घालतो, त्याला खांद्यांवर सोनेरी झुपके आहेत. गॅसची टाकी आणणारा माणूस पहिल्यांदा मला बघून दोन पायऱ्या मागे सरकला. आता तो मला सरकार म्हणतो, पण टाकी माडीवर चढवायचे जादा पैसे मात्र सोडत नाही. बाजारात आम्ही बाजार उठताना जातो, त्यामुळे टोमॅटो जरा अनुभवी मिळतात, पण मिळतात. ज्या खोलीत माणूस असेल त्याच खोलीत दिवा, असा नियम आहे, आणि दुसऱ्या खोलीत काही राहिलं तर आम्ही दोघंही उठून दिव्यासकट तिकडे जातो, म्हणजे इकडचा बंद करून तिकडचा लावतो. त्यामुळे घरात भांडण झालं तरी रुसून वेगळ्या खोलीत बसायची सोय उरलेली नाही. आणि ताई, खरं सांगतो, झोप लागते. पूर्वी दारावर टकटक झाली की आम्ही दोघंही श्वास रोखून बसायचो. आता टकटक झाली की मी उठतो आणि दार उघडतो. एवढंच. पण एवढ्यात इतकं सुख असेल असं मला वाटलं नव्हतं.

टकटक करणाऱ्यांत अजूनही पतपेढीचे वसुलीसाहेब असतात हे ऐकून घाबरू नकोस. कर्ज फिटल्यावर पुढच्या महिन्यात ते सवयीने आले. दार उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता इथे काही काम नाही, आणि माझ्या लक्षात आलं की यांना आत बोलवायला आता काही हरकत नाही. इतकी वर्षं हा माणूस आमच्या उंबऱ्यावर उभा राहून खाकरत आला होता, पण बसला कधीच नव्हता. त्या दिवशी बसला. चहा घेतला. मग त्यांनीच विचारलं, की काय, बरं चाललंय ना, आणि त्यांच्या आवाजात इतकी हळहळ होती की मला वाटलं, मी पुन्हा थोडं कर्ज काढावं अशी त्यांची इच्छा दिसते. तेव्हापासून ते महिन्यातून एकदा येतात. त्यांच्याकडूनच कळलं, की मागच्या रस्त्यावरच्या शाळेत भूगोलाच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे. (शाळेच्या लेखनिकाकडेही त्यांची वसुली चालू आहे, त्यामुळे शाळेची बातमी त्यांना मुख्याध्यापिकांच्या आधी कळते.) दुकान गळ्यात पडण्याआधी मी भूगोल शिकवत होतो हे तुझ्याशिवाय कोणाला आठवत असेल असं मला वाटत नव्हतं, पण माझ्या कर्जाच्या कागदांत ते होतं, आणि वसुलीसाहेबांना माझे कागद तोंडपाठ. मी अर्ज केला. बोलावणं आलं. मुलाखत नाही, नमुना पाठ. वर्गात उभं राहून मुलांना शिकवून दाखवायचं, आणि मागच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि संस्थेचे चिटणीस बसणार.

आता प्रश्न कोटाचा. माझा बरा कोट दुकानाबरोबर गेला, आणि सेनापतीच्या कोटात भूगोल शिकवणं बरं दिसलं नसतं. नवा घ्यायचा तर दोघांचा किराणा बंद. ट्रंकेत साधा, काळा, सभ्य दिसणारा असा एकच कोट निघाला. तू हा बघितलेला नाहीस, तो तुझं लग्न होऊन तू गेल्यावर शिवला. एका नाटकात लक्षाधीश माणूस प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कंगाल होतो, त्या प्रवेशासाठी बाबांनी तो मुद्दाम करून घेतला होता. वर झकास काळा कोट, आतून त्यालाच जोडलेला ठिगळांचा अंगरखा. उजव्या बाहीतून एक नाडी जाते. हात पूर्ण वर नेला की नाडी ओढली जाते, पाठीवरचे आणि बाह्यांचे हूक पटापट सुटतात, आणि वरचा कोट एका झटक्यात खाली येतो. नटाने हात वर करून अरे देवा म्हणायचं आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या, अशी ती योजना. कारागीर इमानदार होता. इतक्या वर्षांत नाडी एकदाही चुकली नाही. तुझी भावजय म्हणाली, त्यात काय, नाडी आतून टाके घालून बांधून टाकू. तिने टाके घातले, अगदी मन लावून घातले. फक्त दोऱ्याची नवी रीळ आणायची नाही असा आमचा नियम असल्यामुळे, तिने दोरा जुन्या राणीच्या परकराची किनार उसवून काढला होता. राणीचं वय तुझ्या लक्षात येईल. तरी खबरदारी म्हणून तिने मला बजावलं, की उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मी आठवडाभर घरात कोपर बरगडीला चिकटवून नद्यांची खोरी शिकवत होतो. ती समोर स्टुलावर बसून विद्यार्थी व्हायची आणि मधूनच कोपर, कोपर असं ओरडायची. (वसुलीसाहेबही एकदा विद्यार्थी म्हणून बसले. त्यांनी फक्त उत्पन्नाचे प्रश्न विचारले.)

शाळेत गेलो तर पाठाचा विषय निघाला जमिनीची धूप. माझा आवडता. वर्ग चांगला, उजेड भरपूर, मुलं नवा प्राणी बघायला उत्सुक. मागे चिटणीस जाड चष्म्यातून बघत होते आणि मुख्याध्यापिका हाताची घडी घालून. मी फळ्याकडे वळलो. फळ्याचा खालचा सगळा भाग कुणीतरी गणितांनी भरून टाकला होता, त्याभोवती जाड चौकट मारली होती, आणि चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, पुसू नये. शाळेत नवीन आलेल्या माणसाने दुसऱ्याचं “पुसू नये” पुसलं तर त्याचं पुढे काय होतं हे तुला माहीत आहे. रिकामा होता तो फक्त वरचा पट्टा. मी पहिली काही मिनिटं नुसत्या तोंडाने शिकवलं. वाऱ्याने माती कशी उडते, पावसाने कशी वाहते, झाडं तोडली की तिला धरून ठेवणारं कोणी कसं उरत नाही. मुलं ऐकत होती, पण चिटणीसांनी खाकरून फळ्याकडे बोट केलं. मग मी डाव्या हाताने थोडं काढून बघितलं. ती डोंगराची आकृती आहे असं मला मुलांना तोंडी सांगावं लागलं. शेवटी जमिनीचे थर काढायची वेळ आली. सर्वांत वर सुपीक माती. आता वरचा थर वरच काढावा लागतो, त्याला माझा इलाज नव्हता, आणि शिकवता शिकवता माझं भानही थोडं हरपलं होतं. मी म्हणालो, हा वरचा थर एकदा निघून गेला, की खाली काय उरतं? आणि खडू घेऊन उजवा हात पूर्ण वर नेला.

राणीचा दोरा तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग हूक. मग कोट माझ्या पायाशी पडला, आणि मी काही महिन्यांपूर्वीच कर्जमुक्त झालेला माणूस, भर वर्गात ठिगळांच्या अंगरख्यात उभा. तो अंगरखाही साधा नाही. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला सुद्धा दारिद्र्य दिसावं म्हणून बाबांनी ठिगळं तिप्पट आकाराची लावून घेतली होती, आणि एका भोकाखाली बरगड्या रंगवून घेतल्या होत्या. एवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि गंभीरपणे म्हणाली, “सर, मुरूम.” ताई, उत्तर बरोबर होतं. आणि बरोबर उत्तर आलं की शिक्षकाला पुढे जावंच लागतं. मी म्हणालो, बरोबर, आणि मुरमाच्या खाली? सगळा वर्ग ओरडला, खडक. मग त्या मुरमावर पीक का येत नाही, वरचा थर पुन्हा तयार व्हायला किती पिढ्या जातात, तो जाऊ नये म्हणून बांध कसे घालतात, झाडं कुठे लावतात, हे सगळं मी त्या बरगड्यांसकट शिकवलं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा एकही मूल उठलं नाही. एकाने तर विचारलं, की सर, उद्या ज्वालामुखी आहे का.

चिटणीस बेहद्द खूश. त्यांनी मला कार्यालयात नेऊन खुर्ची दिली, स्वतःच्या हाताने पाणी दिलं, आणि असं शैक्षणिक साधन आपण उभ्या आयुष्यात बघितलं नाही असं सांगितलं. भूकंपासाठी काय आणणार, नद्यांसाठी काय, असं ते विचारत सुटले. मी खरं सांगायला तोंड उघडलं की ते म्हणत, किती हो तुमचा विनय. मुख्याध्यापिका मात्र उद्या सकाळी येऊन भेटा, एवढंच म्हणाल्या. आता तो कोट परत अंगावर चढवायला विंगेत दोन माणसं लागतात, आणि चिटणीसांना हूक लावायला सांगणं मला प्रशस्त वाटेना. म्हणून कोट हातावर टाकून मी तसाच घरी निघालो. वाटेत एका भल्या बाईने मला थांबवून पैसे देऊ केले. मी म्हणालो, नको बाई, आमचं सगळं फिटलं. तिला काही कळलं नाही, पण तिला बरं वाटलं असावं.

त्या संध्याकाळी घरात एकच दिवा आणि दोन मतं. माझं मत, की चिटणीसांना गोष्ट पटली आहे, मुलांना धडा समजला आहे, मग मी कशाला तोंड उघडून हातची नोकरी घालवू. तुझ्या भावजयीचं मत, की मग दर आठवड्याला अंगावरून काय काय पाडणार आहात, त्याचा एकदा विचार करा. मी विचार केला. सकाळी जाऊन मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं, नाडीपासून राणीच्या परकरापर्यंत. त्या ऐकत राहिल्या, आणि मग हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळे पुसून म्हणाल्या, “अहो, ते मला तेव्हाच कळलं होतं. ठरवून करणारा माणूस कानापर्यंत लाल होत नाही.” मी विचारलं, मग? तर त्या म्हणाल्या, “कोट कुणाचाही पडेल. तुम्ही पुढे शिकवत राहिलात.” ताई, दुकान बुडालं तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. या वाक्याला आलं. मी खिडकीबाहेर बघून शाळेचं मैदान मोठं आहे असं काहीतरी म्हणालो. नोकरी मिळाली. सध्या वर्षभरासाठी आहे, पगार बेताचा आहे, पण आमचा खर्च त्याहून बेताचा आहे.

तर आता तुझ्या पत्राचं उत्तर. मी येत नाही. वजनकाट्याजवळची खुर्ची तू प्रेमाने दिलीस हे मला कळतं. पण मला लाकडातलं काही कळत नाही, आणि बहिणीच्या वखारीत बसून मी नुसता तिचा चहा संपवीन. इथे मला हवं ते काम मिळालं आहे, घरात शांतता आहे, आणि इतक्या वर्षांनी सकाळी उठल्यावर कुठेतरी जावंसं वाटतं. रागावू नकोस. रागावलीस तरी पत्रातून रागाव, म्हणजे निदान पत्र येईल. खोली रंगवलीस त्याचं वाईट वाटतं, आणि त्या गिऱ्हाइकाला परत पाठवलंस त्याचं त्याहून जास्त. तब्येतीला जप. तेल गुडघ्यांना.

तुझा,
पाल्हाळ

ता. क. नोकरी भूगोलाचीच आहे, पण नेमणुकीच्या कागदात खाली बारीक अक्षरांत शाळेच्या नाटकांचे पोशाख पुरवणे असंही आहे. भाड्याचा उल्लेख नाही. चिटणीस दिसतात तेवढे भोळे नाहीत.

आणखी एक ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. मला रोज नवा पाठ तयार करावा लागणार, आणि घरात विद्यार्थी म्हणून बसायला कोणी नाही. तुझी भावजय म्हणते, तिचा भूगोल आता पक्का झाला. वसुलीसाहेबांचं लक्ष लागत नाही. तुझा भूगोल लहानपणापासून कच्चा, म्हणजे तू अगदी योग्य. तेव्हा तू थोडे दिवस इकडे येशील का? म्हणजे माझीच अडचण आहे म्हणून म्हणतो. तुला जमत असेल तरच.

वन्सं, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, ते मी वाचलं. भूगोल वगैरे काही नाही. तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. तुम्ही लिहिलं होतं, की संध्याकाळी मजूर गेले की घर खायला उठतं, आणि वखार विकून मी जाऊ तरी कुठे. ती ओळ यांनी मला वाचून दाखवली आणि मग चष्मा सापडत नाही म्हणून उठून गेले. चष्मा डोळ्यांवर होता. तुम्ही आम्हाला बोलावता ते आमच्यासाठी नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं आहे, पण तुम्हाला ते बोलून दाखवलेलं चालणार नाही म्हणून यांनी एवढी पानं भरली. त्या गिऱ्हाइकाला निरोप पाठवा, तो अजून गेला नसेल. आमच्याकडे जागा कमी आहे आणि टोमॅटो जरा मऊ असतात, पण दारावर टकटक झाली की उघडायला कोणीतरी असतं. मला या म्हणायला एवढी पानं लागत नाहीत. वन्सं, या. चार दिवसांच्या पाहुण्या म्हणून नको, राहायलाच या.